मुलाकातीच्या रांगेत आपण कुठं आहोत?

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. आज वाचत नाही. तुरुंगाबद्दल बोलतो. मी आत राहिलेलो नाही, बाहेरच्या रांगेत उभा राहिलोय, तेवढंच माझं ज्ञान.

गोदीत आमच्या टोळीत एकजण होता. नाव सांगत नाही, तो सुटून आलाय, काम शोधतोय. तांब्याची तार चोरली म्हणून धरला. चोरली की नाही ते कोर्ट बघेल. दीड महिन्यात जामीन मंजूर झाला, पंधरा हजारांचा. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले. आणि त्यानंतर गडी साडेचार महिने आतच!

का? तर जामीनदार पाहिजे. जामीनदाराचं रेशनकार्ड पाहिजे, पगाराची स्लिप पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे. आमच्याकडं सगळे रोजंदारीवाले. स्लिप कुणी बघितलीय? झोपडी ज्याच्या नावावर तो मरून वीस वर्षं झाली. न्यायाधीश म्हणाला सोडा, कागद म्हणाला ठेवा. कागद जिंकला.

१९७८ साली मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा मामला सुप्रीम कोर्टात गेला होता. मोतीराम खटला. दहा हजारांचा जामीन मागितला, भाऊ जामीन राहायला तयार झाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नामंजूर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी खालच्या कोर्टाला झापलं आणि गवंड्याला त्याच्या स्वतःच्याच एक हजाराच्या बाँडवर सोडायला लावलं. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ ला, त्याच कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं: जामिनानंतर सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करायचा विचार करायचा.

हे मला कधी कळलं? तो सुटल्यावर.

शेवटी पालिकेत कायम असलेल्या त्याच्या मेव्हण्याची स्लिप चालली. मेव्हणा आधी तयार नव्हता. मावशीनं, म्हणजे याच्या आईनं, जावयाचे पाय धरले. टोळी काय करत होती? टोळी हळहळत होती.

आता माझं सांगतो. पहिले तीन महिने मी एकदाही मुलाकातीला गेलो नाही. खाडा पडेल, मुकादम ओरडेल, दारावर आपलं नाव लिहून घेतील, ही सगळी कारणं मी स्वतःला सांगितली. खरं कारण वेगळं. तो चोरीत आत होता आणि मी कवी! मोर्च्यात धरला असता तर हार घेऊन गेलो असतो.

आपण सगळे असेच आहोत, राग येऊ दे. कवी-संपादक सुधीर ढवळे जून २०१८ मध्ये धरले गेले, जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर सुटले. साडेसहा वर्षं, आणि खटल्यात आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. त्यांच्यासाठी आपण घोषणा दिल्या, दिल्याच पाहिजेत. पण गल्लीतल्या पाकीटमाराला बघायला कोण गेलं? त्याच्या म्हातारीबरोबर कोण गेलं? सरकारचाच आकडा आहे: २०२२ च्या अखेरीला देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं, त्यातली ४,३४,३०२ कच्ची. म्हणजे शंभरातल्या शहात्तर जणांचा निकालच नाही. लोकसंख्येत आपण सहातले एक, तुरुंगात पाचातले एक. ही सगळी माणसं क्रांतीच्या गुन्ह्यात आत गेलेली नाहीत, पण आपली आहेत.

आत जात नसते असं समजू नका. काही राज्यांच्या तुरुंग-नियमांत झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरलेलं होतं. ते ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलं. राज्यघटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर.

चौथ्या महिन्यात गेलो. सकाळी सातला रांग, आधारची झेरॉक्स, दुपारी नंबर. मध्ये काच, हातात खरखरणारा फोन. मला वाटलं केसचं विचारेल. तो म्हणाला, "जहाज कुठलं लागलंय? माझ्या जागी कोण उचलतो?" मग म्हणाला, मुलाकातीची नावं पुकारायला लागली की काहीजण भिंतीकडं तोंड करून बसतात. ज्याचं नाव कधीच येत नाही तो बराकीत बेवारशी ठरतो, आणि बेवारशाला झोपायला संडासाजवळची जागा. तीन महिने तो तिथं झोपला. मी गोदीत हळहळत होतो तेव्हा.

नंतर पोस्टकार्डं टाकली. कार्ड वाचूनच आत सोडतात, म्हणून जपून लिहायचं. मी एकदा कविता पाठवली. त्यानं उलट निरोप दिला: कविता नको, पावसात कुणाचं पत्रं उडालं ते लिही. माझी ती कार्डं अख्ख्या बराकीनं वाचली. इतके वाचक मला कुठल्याच अंकानं दिले नाहीत.

आतून बाहेर लिहायचा हक्कही भांडून मिळालाय, विसरू नका. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना प्रभाकर संझगिरींनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टानं संझगिरींच्या बाजूनं निकाल दिला.

आणखी एक, हे लिहूनच घ्या. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याचं कलम ४७९. आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर कोर्टानं सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि अंगावर एकाहून जास्त केसेस नसतील तर. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. पण दिवस मोजणार कोण? आतल्याला तारीख आठवत नाही, म्हातारीला वाचता येत नाही. बोटं आपलीच मोजायला लागणार.

ही वही मी आणलीय. नाव, तुरुंग, कोर्ट, पुढची तारीख, जामीन झाला का, शेवटचं कोण भेटलं. आपल्या दोन गल्ल्यांतले सातजण आत आहेत. चौघांच्या शेवटच्या रकान्यात काहीच नाही. मंगळवारी खाडा करून मी जातोय. सहाला नाक्यावर उभा असेन. येणाऱ्यानं आधारची झेरॉक्स आणावी, आणि पानाचा डबा घरी ठेवावा, आत नेऊ देत नाहीत.