बिनभिंतीची वाघीण



या व्यासपीठावर साहित्यावर बोलणे होते, वेदान्तावर होते. आम्ही आज मालगाडीच्या वाघिणीवर बोलणार आहोत, आणि तीही बिनभिंतीच्या.

कोळसा उघड्या डब्यात टाकला की डब्याच्या भिंती त्याला सांभाळतात. सपाट वाघिणीला भिंतीच नाहीत. वर पोलादी तक्ता, खाली दोन बोग्या आणि चार आस. ‘बीआरएन’ नावाची आपल्याकडची वाघीण या जातीची. रूळ, पोलादी पत्रे, अवजड सामान तिच्यावरून जाते. भिंतीचे काम तेथे साखळदंड, लाकडी ठोकळे आणि ते ठोकून बसवणारा माणूस करतो. साखळी ढिली राहिली तर माल वळणावर सरकतो.

माल उंच असला की वेगळीच अडचण. पूल आणि बोगदे काही वर उचलता येत नाहीत. मग तक्ता खाली आणावा लागतो. कंटेनर वाहणाऱ्या ‘बीएलसी’ वाघिणीचा तक्ता रुळापासून सुमारे एक मीटरवर आहे. त्यासाठी तिला ८४० मिलिमीटर व्यासाची चाके दिली. एरवी ती १००० मिलिमीटरची असतात. विजेचे मोठे रोहित्र न्यायचे तर दोन बोग्यांच्या मधला तक्ता विहिरीसारखा खोल करतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर मधला तक्ता काढूनच टाकतात. वाघिणीचे दोन अर्धे भाग रोहित्राला दोन्हीकडून धरतात, आणि ते ओझे स्वतःच वाघिणीचा मधला भाग होते! इंजिनियर या वाघिणीला ‘श्नाबेल’ म्हणतात. जर्मन भाषेत त्याचा अर्थ चोच. युक्ती पाहून आम्हांला तरी टाळी वाजवावीशी वाटते.

पण सपाट वाघिणीवर नुसता मालच जातो असे नाही. कोकण रेल्वेवर १९९९ पासून भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेतात. कोलाडला ट्रक गाडीच्या टोकाकडून चढतो, एका वाघिणीवरून दुसरीवर जात आपली जागा धरतो आणि वेर्ण्याला उतरतो. घाट वाचतो, डिझेल वाचते, अपघात टळतात. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो.

चालक मात्र तासन्‌तास आपल्या केबिनमध्येच. खाली पोलादी तक्ता; पाय मोकळे करायला जागा नाही, शौचालय नाही. त्यातून २०२२ मध्ये हा मार्ग संपूर्ण विजेवर आला. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार. वाऱ्याने ताडपत्री सुटली म्हणून सवयीने टपावर चढलेला माणूस तारेला न शिवताही मरू शकतो. नुसते जवळ जाणे पुरते.

ऑगस्ट २०२५ मध्ये याच कोलाड–वेर्णे मार्गावर खाजगी मोटारींसाठी अशीच सेवा सुरू झाली. मोटारीत बसून राहायचे नाही, असा तिचा नियम. माणसांसाठी गाडीला प्रवासी डबे जोडले, त्यांत एक वातानुकूलित. योग्यच केले. मग ट्रकवाल्याचा जीव काय निराळ्या धातूचा आहे?

डबा जोडला तर ट्रकच्या एक-दोन जागा कमी होतील, तेवढे भाडे बुडेल, हे आम्हांला समजते. ते भाडे किती, आणि रेल्वे, ट्रकमालक व व्यापारी यांनी ते कसे वाटून घ्यावे, हा हिशेब मांडायला आमची माणसे कागद-पेन्सिल घेऊन बसायला तयार आहेत. बोलावणे तेवढे यावे.