ऑरेंज खोरे: समुद्रतळाखालचे तेल

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, नामिबियासमोरच्या अटलांटिक महासागराखाली ऑरेंज खोरे पसरले आहे. सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे भूखंड एकमेकांपासून दूर होऊ लागले. मधल्या चिंचोळ्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू कमी होता, त्यामुळे सूक्ष्म जीवांचे अवशेष पूर्ण कुजले नाहीत. त्यांवर गाळाचे थर चढले, उष्णता वाढली आणि तेल-वायू तयार झाले. पुढे ते वालुकाश्माच्या छिद्रांत अडकले.

इथला कुडू वायुसाठा 1974 सालीच सापडला होता. खरी चुरस लागली ती 2022 मध्ये. शेल या तेल कंपनीला ग्राफ विहिरीत आणि टोटलएनर्जीज या कंपनीला व्हीनस विहिरीत तेल लागले.

पण तेल सापडणे वेगळे आणि ते परवडेल अशा खर्चात काढणे वेगळे. व्हीनसपाशी समुद्रच सुमारे 3000 मीटर खोल आहे. काही ठिकाणी खडक इतका घट्ट आहे, की तेल सहज वाहत नाही. शिवाय तेलाबरोबर वायूही भरपूर येतो. अशा अडचणींमुळे 2025च्या सुरुवातीला शेलने इथला सुमारे 40 कोटी डॉलरचा खर्च तोट्यात दाखवला. तेलाबरोबर येणारा वायू पुन्हा खडकात सोडायचा की किनाऱ्यावर आणायचा, या हिशेबावरच पुढची गुंतवणूक ठरणार आहे.