लांडग्याचा वाटा

माझं गाव माण तालुक्यातलं. १९८२ च्या थंडीत लांडग्यानं धनगरवाड्यावरची तीन कोकरं नेली. रात्री आमच्या ओट्यावर शिकारीचा बेत ठरला. गायरानात रान कुणी उठवायचं, ओढ्याच्या तोंडाशी अब्बांनी बंदूक घेऊन कुठं बसायचं, सगळं पक्कं झालं. तेवढ्यात कोकरांचा मालकच म्हणाला, “भाई, ऱ्हाऊ द्या. माळ त्याचाबी हाय. त्यानं त्याचा वाटा नेला.” अब्बांनी काडतुसं डब्यात टाकली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं आज लांडग्याला अभय आहे. पण माणपासून सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत माळ नांगरले गेले. मेंढरू गेलं तर सरकारी भरपाई मिळते. मात्र पंचनामा होईस्तोवर धनगराचा वाडा पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो. लांडग्याचा वाटा त्यानं एकट्यानंच का सोसावा?