निरोप पेशीपर्यंत पोहोचतो तेव्हा

(युवकांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला 'विज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर तासभर बोललं तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट निवडली आहे. आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, आणि त्या निरोपात एका जंतूने खोडा घातला तर काय होतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सुरुवात पेशीपासून करते. पण शेवटी आपल्याला वस्तीतल्या नळापर्यंत आणि स्वयंपाकघरातल्या साखर-मिठाच्या डब्यापर्यंत जायचं आहे.

एका प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात. या सगळ्यांनी मिळून काम करायचं तर एकीचं दुसरीला कळलं पाहिजे. पेशींना तोंड नाही, कान नाहीत. त्या रसायनांच्या भाषेत बोलतात. काही रसायनं रक्तातून लांबवर जातात, त्यांना आपण हार्मोन म्हणतो. काही फक्त शेजारच्या पेशीपर्यंत जातात. मज्जातंतूच्या टोकाकडून निघालेलं रसायन तर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान फट ओलांडून पलीकडे पोहोचतं.

रक्तातून जाणारं हार्मोन सगळ्या अवयवांवरून वाहत जातं, पण सगळे अवयव त्याला उत्तर देत नाहीत. ज्या पेशीकडे त्या रसायनाला ओळखणारं प्रथिन असतं, तीच उत्तर देते. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही म्हणता येईल, म्हणजे ग्रहण करणारा. कुलूप-किल्लीचा दाखला तुम्ही शाळेत ऐकला असेल. रसायन ही किल्ली आणि रिसेप्टर हे कुलूप. दाखला ठीक आहे, पण अपुरा आहे, कारण एकच किल्ली वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं काम करते.

समजा, रात्री गल्लीतलं कुत्रं तुमच्या मागे लागलं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदय जोरात धडधडतं. श्वासनलिका सैल होऊन रुंदावतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा पांढरा पडतो. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. रसायन एकच, पण एकाला त्याने आवळलं आणि दुसऱ्याला सैल केलं. कारण प्रत्येक ठिकाणचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा आहे आणि त्याच्यामागची यंत्रणाही वेगळी आहे. निरोपाचा अर्थ घेणाऱ्याकडे ठरतो. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उपयोग आहे.

तुमच्या घरातली बरीच औषधं याच जागी काम करतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या रिसेप्टरवर बसून अ‍ॅड्रिनलिनची नक्कल करतं. अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिनच्या रिसेप्टरवर जागा अडवून बसते, म्हणून खाज थांबते. एक खोटी किल्ली कुलूप उघडते, दुसरी नुसती भोकात अडकून राहते.

आता पेशीच्या आत जाऊ. अ‍ॅड्रिनलिन पेशीत शिरत नाही, ते दारातच थांबतं. मग आतल्या यंत्रणेला कळतं कसं? १९५० च्या दशकात अर्ल सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने यकृताच्या पेशींवर काम करताना याचं उत्तर शोधलं. बाहेरचा निरोप दारात आला की आत सायक्लिक एएमपी नावाचा एक छोटा रेणू तयार होतो आणि तो पुढचं काम करवतो. म्हणजे बाहेरचा पोस्टमन दाराशी थांबतो आणि घरातलं पोर आत धावत जाऊन सांगतं. १९७१ चं नोबेल सदरलँड यांना या कामासाठी मिळालं.

दार आणि हे पोर यांच्यामध्ये आणखी एक दुवा आहे, जी-प्रथिन. तो शोधल्याबद्दल मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं. हे प्रथिन म्हणजे एक बटण समजा. रिसेप्टरला निरोप मिळाला की जी-प्रथिन जीटीपी नावाचा रेणू पकडतं आणि बटण चालू होतं. चालू असेपर्यंत आत सायक्लिक एएमपी बनत राहतो. मग काही सेकंदांत जी-प्रथिन स्वतःच तो जीटीपी तोडतं आणि बटण बंद होतं. बंद करायला बाहेरून कुणी यावं लागत नाही, ती सोय त्याच्यातच आहे. निरोप पोहोचणं जितकं गरजेचं, तितकंच तो वेळेवर थांबणंही गरजेचं असतं.

तो थांबला नाही तर काय होतं? त्याचं उत्तर म्हणजे कॉलरा. आपल्याकडे पटकी, महामारी म्हणत. आजींच्या तोंडी तो शब्द तुम्ही ऐकला असेल.

कॉलराचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखला. पण हा जंतू माणसाला मारतो कसा, हे त्यानंतर पाऊणशे वर्षं नीट कळलं नव्हतं. विष सगळ्या शरीरात भिनतं, अशी अनेकांची समजूत होती. ते कोडं सोडवलं शंभूनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेला हा माणूस कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रोगनिदानशास्त्र शिकवत होता. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, त्यात कॉलराचे जंतू सोडायचे आणि काय होतं ते पाहायचं, असा त्यांचा साधा प्रयोग होता. तो तुकडा पाण्याने टम्म फुगायचा. मग त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं द्रव वापरलं. तरी आतडं फुगलं. याचा अर्थ जंतू एक विष बाहेर सोडतो आणि ते विष आतड्यातच काम करतं. १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा हा निबंध छापून आला. १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशनने कॉलरावरच्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. देशात मात्र १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांना कुठलाही मोठा सन्मान मिळाला नाही.

हे विष काय करतं ते पुढे कळत गेलं. ते आतड्याच्या पेशीला चिकटतं, त्याचा एक भाग आत शिरतो आणि जी-प्रथिनाला असं काही जोडून ठेवतो की त्याला जीटीपी तोडताच येत नाही. बटण चालूच राहतं. सायक्लिक एएमपी वाढतच जातो. पेशीला वाटतं, बाहेर पाणी सोडण्याचा हुकूम आहे. क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम आणि पाणी. आजार गंभीर असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून निघून जातं. आतड्याचं अस्तर फाटलेलं नसतं, पेशी मेलेली नसते. ती इमानदारीने हुकूम पाळत असते, फक्त तो हुकूम खोटा असतो आणि संपत नसतो. उपचार मिळाले नाहीत तर गंभीर रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत माणसं दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाले तर शंभरातला एकही जात नाही.

हे उपचार काय आहेत? त्याच पेशीला दुसरं एक दार आहे. त्या दारातून सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून आत येतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. हे दार सायक्लिक एएमपीचं ऐकत नाही. म्हणून कॉलराच्या ऐन तडाख्यातही ते चालू असतं. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते फारसं शोषलं जात नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिले की ते आत जातं. ओआरएसचं सगळं शास्त्र एवढंच आहे. तोंडातून दिलेलं पाणी जुलाब लगेच थांबवत नाही, पण गेलेलं पाणी भरून काढतं, आणि माणूस पाणी गेल्यामुळे मरत असतो.

१९५३ मध्ये कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन रुग्ण बरे केल्याचं लिहिलं होतं, त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत ते पद्धतशीर तपासलं गेलं. खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातले लाखो निर्वासित सीमेवरच्या बनगावात आले होते आणि कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात, असं मिश्रण करवून घेतलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. डॉक्टर तेवढेच होते, जागा तीच होती. आयांच्या, भावांच्या हातात पेले आले, एवढाच फरक. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना मृत्यूनंतर, २०२३ मध्ये जाहीर झालं.

आता बांगलादेशातलीच पुढची गोष्ट, कारण ती आपल्या कामाची आहे. उपाय सापडला, पण गावातल्या बाईपर्यंत तो न्यायचा कसा? १९८० पासून ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत दारोदार गेल्या. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढंच शिकवायचं. दहा वर्षांत त्या सव्वा कोटींच्या आसपास घरांत पोहोचल्या. बहुतेक घरं मुसलमान शेतकरी-मजुरांची, बऱ्याच आयांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कार्यकर्तीचा मोबदला ती किती घरांत गेली यावर ठरत नसे. नंतर दुसरा माणूस जाऊन त्या आईला विचारायचा, तुला काय आठवतं? करून दाखव. आईला जेवढं आठवलं, त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरायचा.

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपण पत्रकं वाटतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतो, सभा घेतो आणि निरोप दिला असं मानतो. अ‍ॅड्रिनलिन रक्तात कितीही वाहिलं, तरी रिसेप्टर नसलेल्या पेशीला त्याचा पत्ताही नसतो. ऐकणाऱ्या बाईची भाषा, तिचा वेळ, तिच्या सासूचं मत, तिच्या घरातला ग्लास, या सगळ्याला जोडलं जाईल असंच आपलं सांगणं हवं.

म्हणून तुम्हाला आज एक काम देते. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात मिळतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर धोका असतो, म्हणून प्रमाण अंदाजाने घेऊ नका. एकदा केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण तोडायचं नाही. मुलाला झिंकच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, जुलाब थांबले तरी, पूर्ण द्या. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल मलूल पडलं, पाणीही पिईना किंवा शौचातून रक्त आलं तर थांबू नका, दवाखाना गाठा.

'जुलाब लागले की पाणी तोडा' असं अजून अनेक घरांत सांगतात. सांगणाऱ्या खालाजानशी भांडू नका. त्यांच्यासमोर बसून पाणी बनवा, पाजा, त्यांना फरक पाहू द्या. रमजानमध्ये कुणाला जुलाब लागले आणि ते रोजा सोडायला तयार नसतील, तर आजाऱ्याला तो नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, याची आठवण अदबीने करून द्या. आणि दुकानातला गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे. त्यातली जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढते.

आणखी एक. ओआरएसने माणूस वाचतो, पाण्याची लाइन दुरुस्त होत नाही. पिण्याची पाइप गटाराजवळून गेली असेल, पाणी गढूळ येत असेल, तर त्याचा फोटो, तारीख आणि किती घरांत जुलाब आहेत ते लिहून वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या. पाण्याची तपासणी मागा आणि पोच घ्या. हे आपल्या हक्काचं काम आहे, त्यासाठी कुणाची मेहरबानी नको.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने पाच घरांत जाऊन या. तिथे भाषण करू नका. घरातल्या बाईला एकदा करून दाखवा, मग तिला करायला सांगा. आठवड्याने पुन्हा जाऊन विचारा, मीठ किती आणि साखर किती. पाचपैकी किती घरांनी बरोबर सांगितलं, तो आकडा मला सांगा. कमी आला तरी सांगा, तिथूनच आपण पुढचं ठरवू.