दारातला राखणदार

फराळाच्या मोठ्या ऑर्डरची ईमेल वेळेवर येईना, तेव्हा आम्ही गटातल्या साऱ्याजणी धास्तावलो. अर्ध्या तासाने ती आली.

चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या ईमेलच्या सर्व्हरवर 'स्पॅम-डी' नावाचा राखणदार आहे. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की तो म्हणतो, "थोड्या वेळाने या." निदान 25 मिनिटांनी पुन्हा येणाऱ्यालाच आत घेतो. ढिगाने ईमेल फेकणारे फसवे सहसा परतत नाहीत. काळ्या यादीतल्यांना तर तो एकेक अक्षर सावकाश बोलून ताटकळत ठेवतो.

आपणही हेच शिकू या. अनोळखी मेसेज कितीही घाई करो, लिंक दाबायची नाही. आधी गटात विचारायचं. ज्याचं खरं काम असेल, तो पुन्हा येईलच.