वाऱ्यासाठी घातलेला पाया
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



हौशी रेडिओचा मनोरा उभा करायचा म्हणून खड्ड्याची मापे सांगितली की गवंडी हमखास विचारतो, ''साहेब, तीनशे किलोचं लोखंड उभं करायचं, त्याला आठ टन काँक्रीट कशाला?'' प्रश्न रास्त आहे. त्याचे सारे आयुष्य घरे बांधण्यात गेलेले असते आणि घराचा पाया असतो वरचा बोजा जमिनीत उतरवण्यासाठी. त्या हिशेबाने तीनशे किलोला पाया लागतच नाही, चार फरशा पुरतात. आज मी एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. ते लांबेल, कारण त्यात वारा येतो, आपली काळी जमीन येते आणि वीजही येते.

आधी मनोरा कशासाठी, ते सांगतो. आम्हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींचा एक आवडता पट्टा १४ मेगाहर्ट्झचा. तिथे लहरीची लांबी सुमारे २१ मीटर. आडवा अँटेना जमिनीपासून अर्ध्या लहरीवर, म्हणजे साधारण साडेदहा मीटरवर टांगला, तर त्याचा मुख्य झोत क्षितिजापासून ३० अंश वर जातो. पूर्ण एक लहर उंचीवर नेला, की तोच झोत १५ अंशांच्या आसपास खाली येतो. झोत जितका आडवा, तितका संदेश वरच्या आयनमंडलावरून परावर्तित होऊन दूर उतरतो. अँटेना पार जमिनीलगत असेल, तर बहुतेक शक्ती सरळ डोक्यावर जाते. म्हणून उंचीचा हा आग्रह.

आणि ही निव्वळ हौस नाही, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा संपर्कासाठी हॅम धावून गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी रेडिओच्या मोहिमेवर होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि ती मोहीम त्याच दिवशी मदतकार्याची संपर्कयंत्रणा झाली. आपत्तीच्या जागी झाडाला तार बांधूनही भागते. पण दुसऱ्या टोकाला कुणीतरी ऐकत बसलेले असावे लागते आणि त्याचा मनोरा वादळात उभा राहावा लागतो. माझा सगळा जीव त्या दुसऱ्या टोकात आहे.

आता वारा. भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात गावोगावचा मूलभूत वारा दिला आहे: जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, तीन सेकंदांचा झोत, पन्नास वर्षांच्या हिशेबाने. पुण्याला तो सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरला ४४. ताशी किलोमीटरमध्ये १४० आणि १५८. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ३९ला चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलोचा रेटा येतो आणि ४४ला ११८चा. वेगात फरक पाच मीटरचा आणि रेट्यात पाव पटीहून जास्त.

पंधरा मीटरचा, ताणाच्या तारा नसलेला मनोरा घ्या. वरच्या अँटेनाचे वाऱ्यापुढचे क्षेत्र अर्धा चौरस मीटर धरले, तर पुण्याच्या वाऱ्यात त्यावर पन्नासेक किलोचा रेटा, तोही १५ मीटर उंचीवर. जाळीदार मनोऱ्यावर मीटरमागे १५ किलो धरा. ते सव्वादोनशे किलो मध्यावर, साडेसात मीटरवर लागतात. दोन्ही मिळून पायाशी उलथवणारा जोर होतो सुमारे २५०० किलोग्रॅम-मीटर. हे गणित ढोबळ आहे. उंची, भूरूप आणि आकार यांचे गुणक त्यावर चढतात आणि ते काम संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यावे. पण गवंड्याच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. पाया घालायचा तो या अडीच हजारांसाठी. तीनशे किलो वजन त्यात मोजण्याजोगेही नाही.

काँक्रीट घनमीटरला २४०० किलो भरते. एक मीटर लांब, रुंद आणि खोल ठोकळा घातला, तर वजन २४०० किलो. तो आपल्या कडेवर उलथायचा, म्हणजे वजनाचा हात अर्धा मीटर. विरोध १२०० किलोग्रॅम-मीटर. मनोरा पडला. हाच ठोकळा दीड मीटरचा केला तर वजन ८१०० किलो, हात पाऊण मीटर आणि विरोध सहा हजारांवर. बाजू दीडपट केली की विरोध पाचपट होतो, कारण तो बाजूच्या चौथ्या घाताने वाढतो: तीन घात वजनाचे, एक हाताचा. आणि तेवढेच काँक्रीट दोन मीटर लांब-रुंद पसरून खोली पाऊण मीटरहून थोडी जास्त ठेवली, तर विरोध ८१०० वर जातो. पैलवान डाव अडवताना पाय फाकवून उभा राहतो, ते याचसाठी. सिमेंट वाचवायला खड्ड्याची सगळीच मापे बोटभर कमी करणाऱ्याने हा चौथा घात लक्षात ठेवावा.

ताणाच्या तारांच्या मनोऱ्याचे गणित वेगळे. तिथे मधला पाया फक्त दाब घेतो आणि खेच तारांच्या टोकांच्या ठोकळ्यांवर येते. जागा असेल तर तो मनोरा स्वस्त पडतो. शहरातल्या प्लॉटवर तेवढी जागा सहसा नसते.

आता ज्या विषयासाठी मी मुळात इथे बोलायला तयार झालो, तो. आपली काळी जमीन. मनोरे बनवणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या नकाशांवर लिहिलेले असते, 'काँक्रीट न हललेल्या मातीला भिडवून ओता'. त्यांची कल्पना अशी, की ठोकळा झुकू लागला की आजूबाजूची घट्ट माती त्याला अडवते. काळ्या कापसाच्या जमिनीत हे गृहीतक वर्षातले काही महिनेच खरे असते. आत्ता वैशाखात शेतात जाऊन भेगेत हात घालून बघा, कोपरापर्यंत सहज जातो. पावसात ती माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून ठोकळ्यापासून सुटते. चारी बाजूंनी फट पडते. आणि आपल्याकडचे वळवाचे झोडपणारे वादळ नेमके कधी येते? एप्रिल-मेमध्ये, फट सगळ्यांत रुंद असताना. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे: काळ्या जमिनीत बाजूच्या मातीचा आधार शून्य धरा. ठोकळ्याने एकट्याच्या वजनावर आणि रुंदीवर उभे राहिले पाहिजे.

तळ मात्र मुरमावर टेकलाच पाहिजे. पहार मारून बघा. काळीत ती रुतते, मुरमावर खणखणते. जेसीबीने खोदत असाल तर शेवटचा फूटभर हाताने खणा, कारण बकेटचे दात तळ भुसभुशीत करून ठेवतात. खोदाई जास्त झालीच तर माती परत टाकून धुम्मस मारू नका, कमी सिमेंटचे साधे काँक्रीट, म्हणजे पीसीसी, भरा. बाजूची पोकळी मुरमाने थराथराने ठोकून भरावी. मात्र मुरूम पाणी ओढतो आणि भोवतालची काळी माती ते सोडत नाही, तेव्हा खड्ड्याची विहीर होऊ नये म्हणून वरून बाहेर उताराचा कोबा हवाच. काळीचा थर तीन-चार मीटर खोल असेल तर ठोकळ्याचा नाद सोडून रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले फुगीर बुडाचे पाइल घ्यावेत. त्यांचा फुगा माती फुगण्या-आकसण्याच्या थराखाली बसतो आणि वर उपटण्यालाही तोच विरोध करतो. घराला त्याचा पहिला फायदा होतो, मनोऱ्याला दोन्ही.

सळईबद्दल थोडक्यात. काँक्रीट दाब भरपूर सोसते, पण ताण दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच. साठ सेंटिमीटर बाजूच्या त्रिकोणी मनोऱ्यात अडीच हजारांचा जोर एकट्या पायावर आला, तर तो पाय जवळपास पाच टनांनी वर ओढला जातो. म्हणून फाउंडेशन बोल्ट वरच्या थरात अडकवून चालत नाहीत, ते खालच्या जाळीपर्यंत जाऊन तिला बांधलेले हवेत. जाळी वर आणि खाली, दोन्हीकडे. सळईवर मातीकडून काँक्रीटचे कव्हर किमान ५० मिलिमीटर आणि त्यासाठी कव्हर ब्लॉकच, विटेचा तुकडा नव्हे.

बोल्टच्या बाबतीत कितीही काटेकोर राहिलात तरी ते कमीच. ते सैल उभे करून 'नंतर ठोकून बसवू' म्हणणाऱ्या माणसाला साइटवर ठेवू नये. जाड प्लेटला मनोऱ्याच्या तळाचीच भोके पाडून साचा करावा, बोल्ट त्यात वरून-खालून नटने आवळावेत, आट्यांना ग्रीस लावून चिकटपट्टी गुंडाळावी आणि साचा शटरिंगला न बांधता वेगळ्या आधारावर धरावा, म्हणजे माल पडताना तो हलत नाही. तळात साठ सेंटिमीटरला एका मिलिमीटरचा कल राहिला, तर १५ मीटरवर टोक २५ मिलिमीटर बाजूला जाते. माल ओला असताना लेव्हल पाईप आणि ओळंबा पुन्हा लावा. उरलेला कल बेसप्लेटखालच्या नटांनी काढता येतो. आणि पाय पोकळ पाइपचे असतील तर खालून पाणी निघायला वाट ठेवा. आतल्या आत साचलेले पाणी गंज धरते आणि तो बाहेरून दिसत नाही.

ओतायच्या दिवशी मालकाने स्वतः उभे राहावे. एम-२० दर्जासाठी दीड मीटरच्या ठोकळ्याला सत्तावीसेक पोती सिमेंट लागते. मिक्सरवर माल पातळ करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण पातळ माल घमेल्यातून पटकन पसरतो. मानक ४५६ मध्ये या दर्जाच्या नेहमीच्या मिश्रणाला एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिले आहे आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे. बादली मोजून ठेवा. व्हायब्रेटरची सुई उभी घाला, सावकाश वर काढा, सळईला टेकवू नका. मध्येच जेवणाची सुट्टी नको. सकाळी सुरू केलेला ठोकळा एका दमात संपला पाहिजे, नाहीतर दोन थरांमध्ये जो सांधा राहतो तो वाऱ्याच्या दिवशी आपली जागा दाखवतो. वरचा पृष्ठभाग जमिनीपासून वर आणि बाहेर उताराचा.

एक काम, अर्थिंगचे, ओतण्याआधीच करावे लागते, ते राहून गेले तर नंतर त्याला उपाय नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या दारूगोळ्याच्या कोठारांना विजेपासून वाचवायचे होते आणि तिथली जमीन इतकी कोरडी, की साध्या अर्थिंगचा भरवसा नव्हता. हर्बर्ट उफर यांनी पायाच्या काँक्रीटमधल्या सळयांनाच अर्थिंगचे काम दिले. काँक्रीट ओलावा धरून ठेवते, त्यामुळे मातीशी त्याचा विद्युत संपर्क टिकतो. आपल्या उन्हाळ्यात जमीन भेगाळते, सुट्या खड्ड्यातले अर्थिंग कोरडे पडते. तेव्हा हा उपाय आपल्यासाठीच आहे असे मी म्हणेन. खालची जाळी आणि बोल्ट एकमेकांना नीट जोडून एक पट्टी बाहेर काढा आणि ती बाहेरच्या अर्थिंगच्या सळयांशी आणि घराच्या अर्थिंगशीही जोडा. उफरची पद्धत बाहेरच्या अर्थिंगच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नव्हे.

यानंतर घाई थांबवायची. मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्याला किंवा कोरड्या गरम हवेत किमान दहा दिवस पाणी. दुकानात हल्ली बहुतेक मिश्र सिमेंटच मिळते आणि वैशाख तर चालूच आहे, म्हणून चौदा दिवस धरा. वर वाफे करून पाणी साठवा, कडेला ओले गोणपाट. एम-२० मधले वीस, म्हणजे चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन, ही ताकद २८व्या दिवशी मोजतात. त्याआधी मनोरा चढवू नये.

आता हिशेब बघा. मेच्या पहिल्या आठवड्यात ओतलेला पाया जूनच्या सुरुवातीला मनोरा घ्यायला तयार होतो, मृग लागण्याच्या तोंडावर. खड्डा आत्ता कोरडा आहे, मुरमापर्यंत पोहोचता येते आणि पहार मारून तळ कसा आहे ते समजते. ज्यांना मेमध्ये ओतणे जमणार नाही, त्यांनी खोदाईही करू नये. पावसात काळ्या मातीची उभी भिंत ढासळते, तळ चिखल होतो आणि खड्डा पुन्हा खणावा लागतो, तोही जास्त रुंद. त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबावे.