रक्कम घ्यावी की जागा राखावी?
(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, त्याच व्यासपीठावर नोकरी जाण्याची गोष्ट काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरातून तो विद्यार्थी आला, त्या घराची चूल कोणाच्या पगारावर चालते, हाही ज्ञातीच्या काळजीचाच विषय आहे. म्हणून चिटणीसांनी सुचविलेला हा विषय मी आनंदाने स्वीकारला.

प्रसंग असा असतो. व्यवस्थापनाचे पत्र येते. आपली जागा आता उरणार नाही. ठराविक रक्कम घेऊन मोकळे व्हावे, अथवा खालच्या दर्जाच्या जागेवर कमी वेतनात राहावे, असे दोन मार्ग त्यात दिलेले असतात. कालचा मुख्य लेखनिक आज आवकजावक नोंदवावयास बसतो. यंत्रावर हात बसलेला कारागीर भांडाराच्या दारावर उभा राहतो. उत्तर देण्यास मुदत थोडी असते आणि मन अस्वस्थ असते.

असे प्रसंग मुंबईस नवे नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कित्येक कुटुंबांना अल्प रकमेवर गावची वाट धरावी लागली. २०००-०१ साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा सुमारे एक लाख नोकरदार बाहेर पडले. २०१९ च्या अखेरीस भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी झालेल्या सेवेच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचे व उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचे वेतन देऊ केले. या तीन प्रसंगांत एक भेद ध्यानात ठेवावा. बँकेतील व टेलिफोन खात्यातील पुष्कळांच्या पाठीशी निवृत्तिवेतन होते. गिरणीकामगाराच्या पाठीशी ते नव्हते. तेव्हा शेजाऱ्याने रक्कम घेतली आणि त्याचे भले झाले, म्हणून आपणही घ्यावी, हा विचार टिकणारा नाही.

कायदा काय देतो, ते थोडक्यात सांगतो. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी तरतूद झाली, तिच्याप्रमाणे कामावरून कमी केलेल्या कामगारास सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळू लागले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच प्रमाण कायम आहे. मात्र ही भरपाई कामावरून 'कमी केलेल्या' माणसाची आहे. ज्याने स्वतः राजीनामा लिहून दिला, त्यास ती हक्काने मागता येत नाही. योजनेत जे लिहिले असेल तेवढेच त्याच्या पदरी पडते. म्हणून कागदावर कोणता शब्द आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. भरपाईखेरीज, पाच वर्षे सेवा झालेल्यास ग्रॅच्युइटी मिळते. ती महिन्याच्या वेतनास २६ ने भागून, १५ ने व सेवेच्या वर्षांनी गुणून काढतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाते, आणि मासिक वेतन घेणाऱ्याची भरपाई शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांच्या सरासरीवर. म्हणजे आज वेतन कमी करून घेतले, तर मागील सर्व वर्षांच्या सेवेचे मोलही त्याबरोबर उतरते. एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये आहेत आणि सेवा २४ वर्षांची. आज तो कमी झाला, तर ग्रॅच्युइटी ५,५३,८४६ रुपये व भरपाई सुमारे ४,८०,००० रुपये, एकूण १०,३३,८४६. त्याने २८,००० रुपयांची जागा पत्करली आणि वर्षभराने तीही जागा गेली, तर २५ वर्षांच्या हिशेबाने त्यास एकूण ७,५३,८४६ रुपये मिळतील. वर्षभरात वेतनाचे ३,३६,००० आले खरे, परंतु हक्काच्या रकमेतील २,८०,००० गेले. वर्षाच्या श्रमाचे निव्वळ मोल ५६,००० रुपये!

उलट तीच जागा दहा वर्षे टिकली, तर वेतनाचेच ३३,६०,००० रुपये होतात आणि ग्रॅच्युइटीही साडेपाच लाखांच्या आसपास येते. तेव्हा रक्कम मोठी की वेतन मोठे, हा प्रश्नच मुळी अपुरा आहे. देऊ केलेली जागा किती काळ टिकेल, हा खरा प्रश्न होय. ते काम पूर्वीपासून चालत आलेले आहे काय? त्यावाचून कारखान्याचे अडते काय? की माणसे बसविण्यासाठी ती जागा तात्पुरती निर्माण केली आहे? याची चौकशी आपल्या खात्यातील जाणत्या माणसाकडे करावी. आश्वासनावर विसंबू नये.

जागा टिकाऊ दिसली, तर जरूर राहावे. मात्र मागील सेवेचा हिशेब जुन्याच वेतनावर होईल, असे लेखी मागून घ्यावे. कायद्याहून अधिक सवलतीचा करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. जागा डळमळीत दिसली, तर जुन्या वेतनाचा आधार आहे तोवरच रक्कम घेऊन बाहेर पडणे शहाणपणाचे. वयाचाही विचार हवा. पस्तिशीतल्या माणसाचा हात दुसरीकडे बसतो. चौपन्नाव्या वर्षी नवी नोकरी मिळणे दुर्घट. अशा वेळी घरावर कर्ज असेल व मुलांचे शिक्षण चालू असेल, तर लहान जागाही मोठा आधार ठरते.

येथे मानाचा प्रश्न उभा राहतो. कालपर्यंत जे हाताखाली होते, त्यांच्या शेजारी बसावयाचे. आणि ज्ञातीत लोक काय म्हणतील? बंधुहो, हे 'लोक' म्हणजे आपणच आहोत. सोयरीक पाहताना मुलीच्या पित्याचा हुद्दा उतरला म्हणून नाक मुरडणारे आपल्यात असतील, तर मानापायी घर बुडविणाऱ्या माणसाच्या दोषात त्यांचाही वाटा आहे. प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम हलके नाही, हे आपण दरवर्षी भाषणांतून ऐकतो. ते वागणुकीत आणण्याची ही वेळ आहे.

रक्कम हाती आल्यावरही संकट संपत नाही. एकरकमी पैसा आला, ही वार्ता आप्तेष्टांत वाऱ्यासारखी पसरते. कोणी उसने मागतो, कोणी अपरिचित धंद्यात भागीदारी सुचवितो, कोणी लग्न थाटात करावयास सांगतो. प्रथम जास्त व्याजाचे कर्ज फेडावे, वर्षभराचा घरखर्च बाजूस ठेवावा, आजारपणाची तरतूद करावी आणि मगच उरलेल्याचा विचार करावा. या सर्वांत गृहिणीचे मत आधी घ्यावे. महिन्याच्या अखेरीस घर कसे चालते, हे तिच्याहून अधिक कोणास ठाऊक? तिला न विचारता केलेली सही ही अर्ध्याच घराची सही होय.

अखेरीस संघास एक विनंती. आपल्यात वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत, कामगार संघटनांत वय घालविलेले वडीलधारे आहेत. त्यांपैकी दोघातिघांनी महिन्यातून एक सायंकाळ कार्यालयात बसावे आणि असे पत्र आलेल्या बांधवाचा कागद वाचून द्यावा, त्याची आकडेमोड करून द्यावी. या गोष्टीची वाच्यता बाहेर होऊ देऊ नये. शिष्यवृत्तीइतकेच हेही पुण्याचे काम आहे. ज्याच्यावर असा प्रसंग येईल, त्याने रात्री एकट्याने जागत बसू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाचे दार ठोठवावे.